टायमर-० ला काउंटर केलं आणि डिले अडकला: घरच्या पर्जन्यमापकाचा धागा

वाळपईचा_पाऊस

नमस्कार मंडळी. मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यात राहतो, वाळपईच्या जवळ. जून लागला की आमच्याकडे सकाळी पहिला प्रश्न हाच, "काल किती पडला?" आणि उत्तर ठरलेलं, "बराच." मला आकडा हवा होता, म्हणून मे महिन्यात घरीच पर्जन्यमापक बनवला.

वर १६ सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं. त्याखाली पत्र्याची दोन खणांची वाटी, मधोमध आसावर डोलणारी. एका खणात ५ मिलिलिटर पाणी भरलं की वाटी कलंडते, पाणी सांडतं आणि दुसरा खण नरसाळ्याखाली येतो. वाटीला बारीक लोहचुंबक चिकटवलाय, समोर रीड स्विच, चुंबक जवळ आला की मिटणारा. प्रत्येक कलंडीला स्विच एकदा मिटून उघडतो.

हिशेब असा: नरसाळ्याचं तोंड साधारण २०१ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १ मिलिमीटर पाऊस पडला की २०.१ मिलिलिटर पाणी. तेव्हा एक कलंड ०.२४९ मिलिमीटरची.

मोजायला आर्डुइनो उनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. वाचलं होतं की त्यातल्या एटीमेगा३२८पी चिपमधला टायमर बाहेरचे पल्सही, म्हणजे विजेचे ठोकेही, मोजू शकतो, प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही. टायमर-० ची बाहेरची पिन डिजिटल ४ वर येते, म्हणून रीड स्विच तिथे जोडला आणि टायमर-० ला बाहेरच्या पल्सवर टाकलं. लूपमध्ये मोजणी छापायची, मग एक सेकंदाचा डिले, म्हणजे थांबा, एवढंच.

पहिला आकडा छापला आणि सगळं गप्प. डिलेतून प्रोग्रॅम बाहेरच येत नाही. डिले काढून "आकडा बदलला तरच छाप" असं केलं तर छापतो, पण बोटाने वाटी १० वेळा कलंडवली तर मोजणी ४३. वायरी दोनदा तपासल्या, बोर्ड बदलून पाहिला, फरक नाही. पाऊस दारात आलाय, कुणीतरी वाट दाखवा.

फोंड्याचा_मास्तर

वायरी आणि बोर्ड दोन्ही ठीक आहेत. तुझ्याकडे एकात एक गुंतलेल्या दोन अडचणी आहेत. आधी पाया पक्का करू, मग त्या आपोआप सुट्या होतील.

चिपच्या आत टायमर वेगळा आणि काउंटर वेगळा असं काही नसतं. आत एकच मोजणारा रजिस्टर, म्हणजे आकडा धरणारा कप्पा, असतो. टिचकी बसली की तो एकाने वाढतो, याखेरीज त्याला काही येत नाही.

नारळांचा पाडा डोळ्यांसमोर आण. पाडेली माडावर आहे आणि खाली एक जण पाटी घेऊन बसलाय. दर नारळ पडला की एक रेघ ओढ, असं त्याला सांगितलं तर पाटीवर नारळांची संख्या येते. घड्याळाच्या दर ठोक्याला एक रेघ ओढ, असं सांगितलं तर त्याच पाटीवर वेळ येते. माणूस तोच, पाटी तीच, रेघही तीच. ठोके ठरावीक अंतराने पडतात हे आपल्याला माहीत असतं, म्हणून त्या रेघांना आपण वेळ म्हणतो. टायमर म्हणजे ठरावीक अंतराने येणाऱ्या टिचक्या मोजणारा काउंटर.

आता दोन प्रश्न. ते कायम वेगळे ठेवायचे. माझ्या वर्गात निम्मा गोंधळ हे दोन एकत्र केल्यानेच होतो.

पहिला, टिचकी कोण मारणार? हे क्लॉक निवडणारे तीन बिट ठरवतात, टायमर-० साठी सीएस०२, सीएस०१ आणि सीएस००. तीन बिट म्हणजे आठ पर्याय: बंद, चिपचा क्लॉक थेट, तोच ८, ६४, २५६ किंवा १०२४ ने भागून, आणि शेवटचे दोन बाहेरच्या पिनचे, एक पल्स खाली उतरताना मोजणारा, एक वर चढताना. काउंटर मोड म्हणून लोक जे म्हणतात ते एवढंच, शेवटच्या दोनपैकी एक पर्याय.

दुसरा, पाटी कुठे संपते आणि संपल्यावर काय? हे ठरवतात डब्ल्यूजीएम नावाचे बिट. नॉर्मल, सीटीसी (ठरवलेल्या आकड्याला पोचून शून्यावर), फास्ट पीडब्ल्यूएम, फेज करेक्ट पीडब्ल्यूएम (पीडब्ल्यूएम म्हणजे पिन झपाझप चालू-बंद करून कमी-जास्त वीज देणं) ही नावं या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं आहेत.

तुझा डिले अडकला तो पहिल्या प्रश्नापाशी. आर्डुइनोची स्वतःची वेळ, म्हणजे मिलिस, मायक्रोज (सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद आणि मायक्रोसेकंद) आणि डिले, टायमर-० वर चालते. १६ मेगाहर्ट्‌झचा क्लॉक ६४ ने भागला की ४ मायक्रोसेकंदाला एक टिचकी, आणि २५६ टिचक्यांनी १.०२४ मिलिसेकंदाला एक ओव्हरफ्लो, म्हणजे पाटी भरून पुन्हा शून्य. तू टिचकी मारणाराच बदललास. आता बोर्डाचं घड्याळ पावसावर चालतंय.

डिचोलीचा_५५५

मास्तरांनी सांगितलं त्याचा आकडा काढून पाहिला.

मायक्रोजचा हिशेब असा: झालेले ओव्हरफ्लो गुणिले २५६, त्यात टायमर-० मधली चालू मोजणी मिळवायची आणि सगळ्याला ४ ने गुणायचं. त्यामुळे वाटीच्या प्रत्येक कलंडीला आर्डुइनो समजतो की ४ मायक्रोसेकंद गेले. एका सेकंदाचा डिले संपायला १० लाख मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे २,५०,००० कलंडी. ०.२४९ मिलिमीटरने गुणलं तर ६२,००० मिलिमीटरच्या वर. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडतो. तुझा एक सेकंदाचा डिले वीस वर्षांच्या पावसाने सुटला असता.

ही चूक वाईट वाटून घेण्यासारखी नाही. उलट टायमर आणि काउंटर एकच असतात याचा याहून स्वच्छ पुरावा मी पाहिलेला नाही.

वाळपईचा_पाऊस

मास्तर, आता डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे टायमर-० सोडून टायमर-१ घ्यायचा? आणि १० च्या ४३ झाल्या त्याचं काय?

फोंड्याचा_मास्तर

टायमर-१ घे. तो १६ बिटांचा आहे, ६५,५३५ पर्यंत मोजतो. ८ बिटांचा टायमर-० तुला तसाही पुरला नसता. २५६ कलंडी म्हणजे ६४ मिलिमीटरच्याही आत, आणि सत्तरीत जुलैमध्ये एका रात्रीत तेवढा होतो. टायमर-१ ची बाहेरची पिन डिजिटल ५ वर आहे. सीएस१२ आणि सीएस११ एक, सीएस१० शून्य ठेवलंस की पल्स खाली उतरताना मोजेल.

४३ चं ५५५ सांगेल, हात त्याचा बसलेला आहे.

डिचोलीचा_५५५

रीड स्विचच्या आत काचेच्या नळीत दोन लवचीक पात्या असतात. चुंबक जवळ आला की त्या एकमेकींना चिकटतात, पण पहिल्या फटक्यात शांत बसत नाहीत. आपटून उडतात, पुन्हा चिकटतात, पुन्हा उडतात. याला बाउन्स म्हणतात. मिलिसेकंदभराच्या आत सगळं आटोपतं, आपल्याला कळतही नाही. पण टायमरची पिन दर क्लॉकला, म्हणजे १६ मेगाहर्ट्‌झवर ६२.५ नॅनोसेकंदांनी, एकदा तपासली जाते. पाती जितक्या वेळा उडाली तितक्या वेळा तो प्रामाणिकपणे मोजतो. तुझ्या वाटीला सरासरी चार कडा, म्हणजे पिनवरचे चढ किंवा उतार, मिळतायत.

इथे एक गोष्ट कुणी सहसा सांगत नाही. इंटरप्टने, म्हणजे पल्स आला की चालू काम थांबवून धावणाऱ्या प्रोग्रॅमच्या तुकड्याने, मोजत असशील तर "मागच्या पल्सनंतर २० मिलिसेकंद झाले नसतील तर सोडून दे" असं प्रोग्रॅममध्ये लिहिता येतं. हार्डवेअर काउंटरला असं काही सांगता येत नाही. तो प्रोग्रॅमला विचारतच नाही, हाच तर त्याचा गुण. म्हणून सिग्नल पिनपाशी पोचण्याआधीच स्वच्छ झाला पाहिजे.

जोडणी सांगतो. पिनला ५ व्होल्टकडून १० किलोओहमचा रोध. पिन आणि ग्राउंडच्या मध्ये १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. रीड स्विच पिनपासून ग्राउंडकडे, पण मध्ये १ किलोओहमचा रोध घालून. तो विसरू नकोस, नाहीतर दर वेळी भरलेला कपॅसिटर थेट पात्यांमधून रिकामा होतो आणि कधीतरी त्या कायमच्या चिकटतात. स्विच मिटला की पिनवर ०.४५ व्होल्टच्या आसपास येईल, तो स्पष्ट शून्य. स्विच उघडल्यावर परत वर चढायला १० मिलिसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट, तेवढ्यात फडफड थांबलेली असते. पिनच्या आधी ७४एचसी१४ चा एक श्मिट इन्व्हर्टर टाकलास तर कडा अगदी धारदार मिळेल. फक्त तो उलटा करतो, म्हणून मग चढती कड मोजायला घे.

आणि पल्स चुकेल अशी भीती नको. तासाला १०० मिलिमीटरचा पाऊस धरला तरी तासात ४०२ कलंडी, म्हणजे ९ सेकंदांना एक. १० मिलिसेकंद त्यात कुठेच नाहीत.

मडगाव_बेंच

मधेच बोलतो. ९ सेकंदांना एक पल्स येणार असेल तर हार्डवेअर काउंटरची गरजच काय? पिन-चेंज इंटरप्ट लावा, एक व्हेरिएबल वाढवा, काम झालं. पावसात वीज जाते हे धरूनच चालायचं, म्हणजे यंत्र बॅटरीवर आलं. बॅटरी वाचवायची तर चिपला पॉवर-डाउन झोपेत पाठवायला हवं. आणि त्या झोपेत टायमर-१ बाहेरचे पल्स मोजत नाही, कारण बाहेरची कड ओळखायलाही त्याला आतला क्लॉक लागतो आणि तोच बंद असतो. पिन-चेंज इंटरप्ट मात्र चिपला उठवतो.

मी स्वतः पर्जन्यमापकाला काउंटर लावणार नाही.

फोंड्याचा_मास्तर

मडगावकरांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. बॅटरीवर महिनोन्‌महिने चालवायचं यंत्र असेल तर मीही तेच करेन. फक्त एक सांगतो. आयडल नावाची हलकी झोप असते, तिच्यात टायमर जागे असतात आणि बाहेरचे पल्स मोजले जातात, पण वीज तितकी वाचत नाही. वाळपईच्या मुलाकडे सध्या घरची वीज आणि इन्व्हर्टर आहे, आणि त्याला टायमर समजून घ्यायचाय. तेव्हा टायमर-१ वर पुढे जाऊ दे.

सावईवेऱ्याची

काउंटर खरा कुठे लागतो ते मी सांगते. आमच्या कुळागरात पोफळींना ठिबक आहे. कोणत्या पट्ट्यात किती पाणी जातं हे कळावं म्हणून मी अर्ध्या इंची पाइपवर वायएफ-एस२०१ बसवला. आत छोटी चक्री, तिच्यावर चुंबक, बाजूला हॉल सेन्सर. एका लिटरला ४५० पल्स. मिनिटाला एक लिटर वाहिलं तर ७.५ हर्ट्‌झ, १० लिटर वाहिलं तर ७५ हर्ट्‌झ. हॉल सेन्सरला बाउन्स नसतो, त्यामुळे तो भाग सुटला.

आधी मी इंटरप्टने मोजत होते. एका बोर्डावर एकच सेन्सर होता तोवर छान चाललं. मग मेमरी कार्डवर लिहिणं, डिस्प्ले, मोटरची रिले असं एकेक वाढत गेलं आणि कुठेतरी पल्स गळायला लागले. टायमर-१ ला काउंटर केल्यावर गळती थांबली, कारण प्रोग्रॅम काहीही करत असला तरी मोजणी आपली चालूच राहते.

यातून दोन गोष्टी शिकले. पहिली, १६ बिटही पुरतातच असं नाही. ६५,५३६ भागिले ४५० म्हणजे १४५ लिटर. मिनिटाला १५ लिटरने हे दहा मिनिटांच्या आत संपतं. त्यामुळे ओव्हरफ्लो इंटरप्टमध्ये एक व्हेरिएबल वाढवते, तो वरचा आकडा, आणि टायमरमधला खालचा. दुसरी, मोजणी वाचून झाली की रजिस्टर शून्य करायची सवय मी सोडली. वाचणं आणि शून्य करणं यांच्या मध्ये एखादा पल्स आला तर तो कायमचा गेला. आता नुसती वजाबाकी करते, चिन्ह नसलेल्या १६ बिटांत. मागचं वाचन ६५,५३० आणि आताचं २० असेल तर उत्तर २६ येतं, बरोबर येतं. दोन वाचनांच्या मध्ये ६५,५३६ पेक्षा कमी पल्स आलेले असले म्हणजे झालं.

दर सेकंदाची वेळ टायमर-२ कडून घेते, सीटीसी मोडमध्ये. १६ मेगाहर्ट्‌झ भागिले १०२४ म्हणजे १५,६२५. मोजणी कुठे वळायची ते सांगणाऱ्या ओसीआर२ए मध्ये १२४ ठेवायचे. शून्यापासून १२४ पर्यंत १२५ टिचक्या होतात, १२५ नाही लिहायचं. १५,६२५ भागिले १२५ म्हणजे सेकंदाला बरोब्बर १२५ इंटरप्ट. त्यातला दर १२५ वा आला की एक सेकंद, अपूर्णांक राहत नाही. मला तो भागाकार पहिल्यांदा जमला तेव्हा फार समाधान वाटलं होतं.

वाळपईचा_पाऊस

ताई, वजाबाकीची गोष्ट वहीत लिहून घेतली. मनापासून आभार.

५५५बाब, तुमची जोडणी केली. घरात ७४एचसी१४ नव्हता, नुसते रोध आणि कपॅसिटर लावले. आता १० कलंडींना १०, ५० ना ५०. डिलेही चालतो.

पण आता नवीनच काहीतरी झालंय. काल संध्याकाळी मोठी चाचणी घेतली. मी ओटीवर बसून वाटी बोटाने कलंडवत होतो आणि भाचा स्क्रीनवरचा आकडा मोठ्याने वाचत होता. दोनशे त्रेपन्न, दोनशे चोपन्न, दोनशे पंचावन्न. मग म्हणाला, दोनशे चोपन्न. मी म्हटलं, नीट बघ. तो म्हणाला, मामा, दोनशे त्रेपन्न. मी कलंडवत राहिलो आणि आकडा उतरत राहिला. थेट शून्यापर्यंत गेला आणि तिथून पुन्हा चढायला लागला.

टायमर-१ तर १६ बिटांचा आहे. तो २५५ ला का वळला, आणि उलटा का?

मडगाव_बेंच

टीसीसीआर१ए मध्ये, म्हणजे टायमर-१ चे डब्ल्यूजीएम बिट असतात त्या रजिस्टरमध्ये, काही लिहिलं आहेस का?

वाळपईचा_पाऊस

नाही. फक्त टीसीसीआर१बी मध्ये सीएसचे बिट. टीसीसीआर१ए ला हात लावला नाही. चिप सुरू होताना सगळं शून्यच असतं असं वाचलं होतं.

फोंड्याचा_मास्तर

वा! हा प्रश्न मी परीक्षेत घालायला हवा.

चिप सुरू होताना शून्य असतं हे खरं. पण तुझा सेटअप चालण्याआधी आर्डुइनोचा स्वतःचा इनिट, म्हणजे तयारीचा कोड, चालून गेलेला असतो. ॲनालॉगराइट (पीडब्ल्यूएम देणारी आज्ञा) पीडब्ल्यूएमच्या कुठल्याही पिनवर चालावं म्हणून तो तिन्ही टायमर पीडब्ल्यूएमसाठी तयार करून ठेवतो. टायमर-० फास्ट पीडब्ल्यूएममध्ये, टायमर-१ आणि टायमर-२ फेज करेक्टमध्ये. टायमर-१ मध्ये तो डब्ल्यूजीएम१० हा एक बिट चढवतो, त्याचा अर्थ ८ बिटांचा फेज करेक्ट मोड.

मी म्हटलं होतं ना, दोन प्रश्न वेगळे ठेव. टिचकी कोण मारणार हे तू बदललंस. पाटी कुठे संपते हा दुसरा प्रश्न तू सोडवलाच नाहीस, म्हणून आर्डुइनोने दिलेलं जुनं उत्तर तसंच राहिलं. फेज करेक्टमध्ये मोजणी शून्यापासून २५५ पर्यंत चढते आणि त्याच पायऱ्यांनी उतरते. एरवी हे सेकंदाला ४९० वेळा होतं, कुणाला दिसत नाही. तू तोच मोड बोटाच्या वेगाने चालवलास, म्हणून तुझ्या भाच्याला तो वाचता आला. चाळीस-चाळीस मुलांपुढे फळ्यावर त्रिकोण काढून मी फेज करेक्ट शिकवतो. इतका स्वच्छ कधी दाखवता आला नाही.

उपाय एका ओळीचा. आधी टीसीसीआर१ए मध्ये शून्य लिही, मग टीसीसीआर१बी मध्ये फक्त सीएसचे दोन बिट. "किंवा" करून बिट मिळवू नकोस, पूर्ण किंमत लिही. "किंवा" केलं की आधीचे बिट तसेच राहतात. इनिटने सीएस११ आणि सीएस१० आधीच चढवलेले असतात. त्यात तू सीएस१२ मिळवलास तर तिन्ही एक होतात आणि उतरत्याऐवजी चढती कड मोजली जाते.

सावईवेऱ्याच्या ताईंच्या टायमर-२ लाही हेच लागू. सीटीसीसाठी डब्ल्यूजीएम२१ हवा. नुसता "किंवा" केला तर इनिटचा डब्ल्यूजीएम२० शिल्लक राहतो, दोन्ही मिळून फास्ट पीडब्ल्यूएम होतो आणि मोजणी १२४ ला न वळता २५५ पर्यंत जाते. मग एक सेकंद दोन सेकंदांहून मोठा.

सावईवेऱ्याची

मास्तर, माझ्या पहिल्या आठवड्यात अगदी हेच झालं होतं! सेकंद लांबत होता आणि मी क्रिस्टलवर संशय घेऊन बसले होते. रजिस्टर शून्य केल्यावर सुटलं, पण का सुटलं ते आज कळलं.

खोर्लीची_दिव्याची_माळ

मी चवथीला माटोळीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीच्या) मागे एलईडी लावते, त्यामुळे माझा टायमरशी संबंध पीडब्ल्यूएमपुरताच. पिन ५ आणि ६ वरचे दिवे आणि ९, १० वरचे दिवे मोबाइलच्या कॅमेऱ्यात वेगवेगळे पट्टे दाखवतात. त्याचं कारण हेच का?

डिचोलीचा_५५५

हेच. ५ आणि ६ टायमर-० च्या, फास्ट मोड, २५६ पायऱ्या चढून थेट शून्यावर, म्हणून ९७६ हर्ट्‌झ. ९ आणि १० टायमर-१ च्या, चढ आणि उतार मिळून ५१० पायऱ्या, म्हणून ४९० हर्ट्‌झ. ३ आणि ११ टायमर-२ च्या, त्याही ४९०. सगळे दिवे एकाच टायमरवर घे. मात्र सोबत टोनने आवाज काढणार असशील तर ३ आणि ११ सोड, टोन टायमर-२ वापरतो. सर्व्हो लावलास तर ९ आणि १० जातील, तो टायमर-१ घेतो.

डिप्लोमा_थर्ड_सेम

नमस्कार. आम्हाला अभ्यासाला अजून ८०५१ ही जुनी चिप आहे. त्यात डब्ल्यूजीएम वगैरे काही नाही, टीमॉड नावाचा रजिस्टर आहे. तिथे हे दोन प्रश्न कसे ओळखायचे? सोमवारी तोंडी परीक्षा आहे.

फोंड्याचा_मास्तर

८०५१ इंटेलने १९८० मध्ये आणला. तिथे हे दोन प्रश्न अजून उघड दिसतात, म्हणूनच तो अजून शिकवतात असं मला वाटतं.

टीमॉड आठ बिटांचा, वरचे चार टायमर-१ चे, खालचे चार टायमर-० चे. प्रत्येक चौकडीत चार बिट: गेट, सी/टी, एम१, एम०. सी/टी हा पहिला प्रश्न. शून्य असेल तर टिचकी आतून, क्रिस्टल भागिले १२. एक असेल तर टिचकी बाहेरून, टायमर-० ला पी३.४ वरून, टायमर-१ ला पी३.५ वरून. एम१ आणि एम० हा दुसरा प्रश्न. मोड ० मध्ये १३ बिट, तो जुन्या चिपशी जुळावा म्हणून ठेवलेला, वापरू नकोस. मोड १ मध्ये १६ बिट. मोड २ मध्ये ८ बिट, भरला की टीएच (वरचा बाइट) मधली किंमत स्वतःच टीएल (खालचा बाइट) मध्ये परत येते. मोड ३ मध्ये टायमर-० चे दोन तुकडे होतात.

गेट हा या चिपचा सुंदर भाग. तो एक केला की बाहेरची इंटरप्टची पिन उच्च असेल तोवरच मोजणी चालते. टायमर चालू करणारा टीआर बिटही अर्थात लागतोच. एखादा पल्स किती रुंद आहे हे टायमर-० ने मोजायचं तर तो पी३.२ वर दे, बाकी काम गेट करतो.

एक उदाहरण पाठ न करता समजून घे. टायमर-१ ने सिरियलचा बॉड रेट (बिट पाठवायचा वेग) द्यायचा आहे आणि टायमर-० ने बाहेरचे पल्स मोजायचे आहेत. वरची चौकडी ००१०, खालची ०१०१. हेक्समध्ये २५. परीक्षक याचे आठही बिट एकेक करून विचारतील.

आणि ११.०५९२ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल का, हे हमखास विचारतात. १२ ने भागून ९,२१,६०० येतात, त्याला ३२ ने भागलं की २८,८००, आणि तीनने भागलं की ९६००. टायमर-१ मोड २ मध्ये ठेवून टीएच१ मध्ये २५३ भरायचे, म्हणजे २५६ वजा ३. शेष शून्य. १२ मेगाहर्ट्‌झने हे जुळत नाही.

बाहेरचे पल्स मोजताना वेगाची मर्यादाही सांग. ८०५१ पिन दर मशीन सायकलला एकदा बघतो. एका सायकलमध्ये उच्च आणि पुढच्यात नीच दिसलं तरच मोजतो. म्हणजे एका पल्सला दोन सायकल, २४ क्लॉक. १२ मेगाहर्ट्‌झवर सेकंदाला जास्तीत जास्त ५ लाख पल्स.

डिप्लोमा_थर्ड_सेम

सर, आजवर टीमॉडच्या किमती पाठ करत होतो. आता हातानेच काढेन. मोजणी चालू असताना टीएच आणि टीएल वाचायचे कसे? वाचेपर्यंत बदलले तर?

फोंड्याचा_मास्तर

चांगला प्रश्न. आधी टीएच वाच, मग टीएल, मग पुन्हा टीएच. दोन्ही टीएच सारखे आले तर घे, नाहीतर पुन्हा वाच. एव्हीआरमध्ये, म्हणजे आर्डुइनोच्या चिपमध्ये, खालचा बाइट वाचताना वरचा एका तात्पुरत्या रजिस्टरमध्ये धरून ठेवला जातो, त्यामुळे तिथे हा खटाटोप नाही. पण तो तात्पुरता रजिस्टर सगळ्या १६ बिटी वाचनांना मिळून एकच आहे. मुख्य प्रोग्रॅमने एक बाइट वाचला आणि मधेच आलेल्या इंटरप्टनेही टायमर-१ वाचला, तर आकडा बिघडतो. वाचण्यापुरते इंटरप्ट बंद ठेवायचे. वाळपई, हे तुझ्यासाठीही.

वाळपईचा_पाऊस

मंडळी, चालू झालं.

टीसीसीआर१ए शून्य केला आणि भाच्याला पुन्हा बसवलं. दोनशे चोपन्न, दोनशे पंचावन्न, आणि मग तो ओरडला, "दोनशे छप्पन!" आतून आई बघायला आली काय झालं म्हणून.

नंतर १ लिटर पाणी सलाइनच्या नळीने थेंब-थेंब नरसाळ्यात सोडलं, तासभर. ५ मिलिलिटरच्या हिशेबाने २०० कलंडी यायला हव्या होत्या, आल्या १९७. म्हणजे माझी वाटी ५.०८ मिलिलिटरला कलंडते. आता एक कलंड ०.२५२ मिलिमीटर धरतो. मग मुद्दाम तेच १ लिटर तांब्याने पाच-सहा मिनिटांत ओतलं, तर १८६ च आल्या. जवळ बसून पाहिलं तेव्हा कारण दिसलं. वाटी कलंडायला लागल्यापासून दुसरा खण नरसाळ्याखाली येईपर्यंत धार भरलेल्या खणातच पडत राहते, ते पाणी मोजणीत येतच नाही. हा दोष टायमरचा नाही.

काल रात्री पहिला मोठा पाऊस झाला. सकाळी सहाला आकडा ४०७, म्हणजे १०२.६ मिलिमीटर. पण जोराची सर असताना थोडं कमी मोजलं गेलं असणार. म्हणून आता सावईवेऱ्याच्या ताईंच्या पद्धतीने टायमर-२ वरून मिनिट धरून दर मिनिटाच्या कलंडी लिहून ठेवतोय, आणि वेगवेगळ्या वेगाने लिटर-लिटर ओतून दुरुस्तीचा तक्ता करतोय. पाच वेग झालेत, अजून तीन राहिलेत. पूर्ण झाला की इथेच टाकतो.